बाशिंग बांधायची घाई कोणाला?

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने २०२४-२५ च्या मोसमात पंधरा सामने जिंकले आणि सतरा गमावले. मार्च महिन्यात ज्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसतो, त्या अडुसष्ट संघांच्या स्पर्धेत रटगर्सला प्रवेशही मिळाला नाही. आणि तरीही त्याच वर्षीच्या जूनमध्ये व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर रटगर्सचा डिलन हार्पर आणि पाचव्या क्रमांकावर रटगर्सचाच एस बेली होता. दोघांनीही महाविद्यालयात काढले ते अवघे एक वर्ष. ज्यांच्या संघाला महाविद्यालयीन पातळीवर निम्मे सामनेही जिंकता आले नाहीत, ती मुले जगातल्या सर्वांत अवघड लीगसाठी तयार झाली आहेत, असे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवले?

दर वर्षी वसंत ऋतूत अमेरिकेतील क्रीडा-पाने या प्रश्नाने भरून जातात. अमका तयार आहे का, तमक्याने आणखी एक वर्ष थांबायला हवे होते का, याचा काथ्याकूट महिनोन् महिने चालतो. उत्साही मुलांना वडीलधारे उपदेश करतात, आणि आपल्याकडच्या 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' या म्हणीचा अमेरिकी अवतार रोज कुठे ना कुठे ऐकू येतो. पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट बहुधा निसटते. बाशिंग बांधायची घाई नवऱ्या मुलाला असते त्याहून अधिक वऱ्हाडाला असते. आणि मुहूर्त तर तिसऱ्याच कोणीतरी काढून ठेवलेला असतो.

ड्राफ्ट म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे, कारण आयपीएलच्या लिलावाची सवय झालेल्या आपल्या वाचकाला तो सहज उमगणारा प्रकार नाही. इथे बोली नसते. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीएचे तीस संघ दोन फेऱ्यांत आळीपाळीने खेळाडू निवडतात. आधीच्या मोसमात जे तळाशी राहिले, त्यांना सोडतीद्वारे वरचे क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक. ज्याने निवडले त्याच्याकडे जायचे. मुलाला मालक निवडता येत नाही. पहिल्या फेरीत निवडल्या गेलेल्याचा पगार त्याच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरलेला असतो आणि पहिल्या दोन वर्षांचे पैसे हमखास मिळतात. दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही. जागा साठाच्या आसपास, त्यातही काही युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातून आलेल्यांच्या. आणि उमेदवारांचे मूळ कोठार म्हणजे सर्वोच्च विभागातील साडेतीनशेहून अधिक विद्यापीठांचे संघ. महाविद्यालयात खेळणाऱ्या शंभरातल्या एखाद्याच्याच वाट्याला हे भाग्य येते.

आता 'तयारी'चा साधा, मैदानावरचा अर्थ घेऊ. महाविद्यालयातला सामना चाळीस मिनिटांचा, एनबीएचा अठ्ठेचाळीस मिनिटांचा. महाविद्यालयात चेंडू हाती आल्यावर तीस सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो, एनबीएत चोवीस सेकंदांत. तीन गुणांची रेषा महाविद्यालयात ६.७५ मीटरवर, एनबीएत समोरून ७.२४ मीटरवर. महाविद्यालयात बचाव करणारा उंचापुरा गडी बास्केटखाली ठाण मांडून उभा राहू शकतो; एनबीएत २००१ पासून त्याला तसे तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही, त्यामुळे मैदान मोकळे होते आणि एकट्याने एकट्याला अडवण्याची जबाबदारी टळत नाही. विद्यापीठाचा संघ वर्षाला तीस-पस्तीस सामने खेळतो, एनबीएचा संघ बादफेरीआधीच ब्याऐंशी. त्यातले कित्येक लागोपाठच्या दोन रात्री, वेगवेगळ्या शहरांत. समोर तिशीतला, दोन मुलांचा बाप असलेला, दहा वर्षे हेच काम करून हाडे घट्ट झालेला माणूस. या अर्थाने पाहिले तर एकोणीस वर्षांचा जवळजवळ कोणीच तयार नसतो. लेब्रॉन जेम्ससारखा एखादा अपवाद एका पिढीत एकदा होतो.

आणि हे संघांना ठाऊक नसते थोडेच! त्यांना तयार खेळाडू हवाच नसतो. तयार खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या संघाकडून आणता येतो. ड्राफ्टमध्ये विकत घेतले जाते ते भविष्य, आणि भविष्याचा भाव वय वाढेल तसा उतरतो. बावीस वर्षांच्या पदवीधराने सामन्यात वीस गुण केले तर परीक्षक विचारतात, 'याहून पुढे काय?' एकोणीस वर्षांच्या मुलाने बारा केले तर तेच परीक्षक त्याच्या हातांची लांबी मोजतात आणि त्याचे पंचविसावे वर्ष डोळ्यांसमोर आणतात.

ही मोजमापे शब्दशः घेतली जातात. मे महिन्यात शिकागोला निवडक उमेदवारांना बोलावून बूट काढून उंची, दोन्ही हात पसरून लांबी, उभ्या जागेवरून उडी अशा सगळ्याची नोंद होते. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमातले कांदेपोहे त्यापुढे सोज्ज्वळ वाटावेत. (बैलबाजाराची उपमाही सुचते, पण जिथे बहुसंख्य उमेदवार कृष्णवर्णीय आणि बहुसंख्य मालक गोरे, तिथे त्या उपमेला गुलामांच्या लिलावाची आठवण चिकटलेली आहे.) २००७ मध्ये अशाच चाचणीत केव्हिन ड्युरांटला सुमारे ८४ किलोचे वजन एकदाही उचलता आले नव्हते. टेक्सास विद्यापीठात पहिल्याच वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा मुलगा शरीराने तयार नाही, अशी चर्चा मग झालीच. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर ग्रेग ओडन निवडला गेला. देह पाहिला तर त्याच्याइतका तयार कोणीच नव्हता. पहिला मोसम गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गेला आणि दुखापतींनी त्याची सारी कारकीर्द १०५ सामन्यांत आटोपली. दुसऱ्या क्रमांकाचा ड्युरांट पुढे सर्वकालीन श्रेष्ठ धावपती— क्षमा करा, क्रिकेटची सवय— श्रेष्ठ गुणवीरांत जाऊन बसला.

मुंबईत जन्मलेल्या एका मराठी नावाच्या उद्योगपतीचा या कहाणीशी संबंध येतो. विवेक रणदिवे २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज संघाचे प्रमुख मालक झाले; हाच संघ २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी खेळून गेला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये किंग्जचा क्रमांक आठवा होता. निवडीच्या खोलीतली त्यांची चर्चा कॅमेऱ्याने टिपलेली आहे आणि मिशिगन विद्यापीठाच्या निक स्टॉस्कसबद्दलचा रणदिवे यांचा उत्साह त्यात लपत नाही. उत्साह गैरही नव्हता. स्टॉस्कस दोन वर्षे महाविद्यालयात घोटून निघालेला, लांबून अचूक फेकणारा, आपल्या विभागातला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू होता. 'तयार' हा शब्द ज्याला बिनदिक्कत लावावा असा. तोच निवडला गेला, आणि वर्षभरातच त्याला फिलाडेल्फियाच्या संघाकडे देऊन टाकण्यात आले. त्याच ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर झॅक लव्हीन गेला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात त्याचे एकच वर्ष झाले होते, तेही बहुतेक राखीव खेळाडू म्हणून, सरासरी दहा गुणांचीही नाही. कोणत्याही कसोटीवर हा कच्चाच. तो पुढे दोनदा ऑल-स्टार संघात निवडला गेला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सॅक्रामेंटोने त्याला आपल्याकडे आणले तेव्हा अकरा वर्षे लोटली होती.

एका उदाहरणावरून नियम काढू नये हे खरे. उलटी उदाहरणेही हवी तितकी आहेत. टिम डंकन वेक फॉरेस्ट विद्यापीठात पुरी चार वर्षे राहिला आणि १९९७ मध्ये पहिला निवडला गेला. स्टीफन करी तीन वर्षे डेव्हिडसनला होता. माल्कम ब्रॉग्डन पाच वर्षे व्हर्जिनियात राहून २०१६ मध्ये छत्तिसावा निवडला गेला आणि पुढल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. दुसरीकडे २०१३ चा पहिला क्रमांक अँथनी बेनेट एका वर्षात विद्यापीठ सोडून आला आणि चार मोसमांत एनबीएबाहेर गेला. या साऱ्यांतून 'किती वर्षे थांबावे' याचे उत्तर मिळत नाही ते नाहीच. लेन बायस मेरिलँड विद्यापीठात चार वर्षे शिकून, सर्वांच्या मते परिपक्व होऊन, १९८६ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर बॉस्टनने निवडला. दोन दिवसांच्या आत कोकेनने त्याचा बळी घेतला. त्या अर्थाची तयारी ना विद्यापीठाने करून घेतली होती, ना कोणी मोजली होती.

तर मग थांबण्याचा हा आग्रह आला कोठून? त्याचा इतिहास पाहिला की उपदेशामागचा हिशेब दिसू लागतो. १९७० पर्यंत नियम असा होता की शाळा सुटल्यावर चार वर्षे होईतो एनबीएत प्रवेश नाही. मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या आईचा मुलगा स्पेन्सर हेवूड, १९६८ च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, त्याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले. घर चालवायचे आहे, कमावण्याची अंगात धमक आहे, मग मला का अडवता, हा त्याचा साधा प्रश्न. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि दार उघडले. त्या दारातून आधी थोडेच आले. १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट थेट शाळेतून आला, पुढल्या वर्षी कोबी ब्रायंट आणि जर्मेन ओनील, आणि मग रांगच लागली.

पण ही रांग नेमकी १९९५ नंतरच का लागली? मुलांच्या डोक्यात वारे शिरले म्हणून? १९९४ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या ग्लेन रॉबिन्सनने दहा वर्षांसाठी ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार पदरात पाडून घेतला. मालक हादरले, आणि १९९५ पासून नवोदितांचे पगार व कराराची मुदत क्रमांकानुसार बांधून टाकण्यात आली. हेतू नवोदितांना लगाम घालण्याचा होता. परिणाम उलटा झाला. पहिला करार ठरीव आणि स्वस्त, खरा पैसा दुसऱ्या करारात. म्हणजे पहिल्या कराराचे घड्याळ जितके लवकर सुरू होईल तितके बरे. विद्यापीठात घालवलेले प्रत्येक वर्ष हे दुसऱ्या करारापासून दूर नेणारे वर्ष झाले. ज्याला मुलांचा उतावळेपणा म्हणून नावे ठेवली गेली तो त्यांनी चांगला केलेला हिशेब होता.

शाळेतून आलेले हे सगळे वाया गेले, असा एक समज आहे. तोही तपासून घ्यावा. १९९५ ते २००५ या काळात शाळेतून चाळीसच्या आसपास मुले निवडली गेली. कायद्याचे अभ्यासक मायकेल मॅकॅन यांनी २००४ मध्येच दाखवले की गट म्हणून त्यांची कामगिरी सरस आहे. अपयशाचे हुकमी उदाहरण म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो २००१ चा पहिला क्रमांक क्वामे ब्राऊनसुद्धा बारा मोसम एनबीएत टिकला. ओनील पोर्टलंडला चार वर्षे बाकावर बसून होता, इंडियानाला गेला आणि सहा वेळा ऑल-स्टार झाला. मुलगा तोच, जागा बदलली. तरीही २००५ च्या करारात एकोणीस वर्षांची आणि शाळा सुटल्यानंतर एका वर्षाची अट आली, ती २०२३ च्या करारानंतरही कायम आहे. हा करार मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात होतो. संघटनेत कोण? आधीच आत असलेले. नवा मुलगा आला की जुन्या कोणाची तरी जागा जाते, आणि ज्याला बाहेर थांबायला लावायचे त्याला मत नसते. टेनिसमध्ये पंधराव्या वर्षी व्यावसायिक होणाऱ्यांना शिक्षणाचा एवढा कळवळ्याचा उपदेश ऐकावा लागत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे.

मात्र येथवर बोललो ते वरच्या पंधरा-वीस मुलांबद्दल. त्यांच्या बाबतीत तयारीचा प्रश्न पांडित्यापुरता आहे; २०२५ मध्ये अठराव्या वर्षी पहिला निवडला गेलेल्या कूपर फ्लॅगला पहिल्या वर्षासाठी सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलर मिळत असताना ड्यूक विद्यापीठात आणखी एक वर्ष काढ म्हणणारा शहाणा नव्हे. खरा प्रश्न त्याखालच्यांचा आहे, ज्यांना पंचविसावा क्रमांक मिळेल की पन्नासावा की काहीच नाही, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. इथे एक चुकीचा निर्णय माणसाचे आयुष्य वळवून टाकतो. लेनी कूक शाळेत असताना देशातल्या अव्वल मुलांत गणला जाई, लेब्रॉनच्याही पुढे. २००२ मध्ये त्याने ड्राफ्टसाठी नाव दिले; कोणीही निवडले नाही. दलालाशी करार केल्यामुळे महाविद्यालयाचे दारही बंद झाले होते. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. कोर्लिओन यंग १९९८ मध्ये चाळिसावा निवडला गेला आणि तीन सामने खेळला. भारतीय वंशाचा, टोरंटोत वाढलेला सिम भुल्लर न्यू मेक्सिको स्टेटमध्ये दोन वर्षे खेळून २०१४ मध्ये बाहेर पडला. निवड झाली नाही, पुढे रणदिवेंच्याच सॅक्रामेंटोकडून २०१५ मध्ये तीन सामने मिळाले. पंजाबच्या बल्लो के गावातला सतनामसिंग त्याच वर्षी बावन्नावा निवडला गेला, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले. एनबीएच्या सामन्यात तो कधीच उतरला नाही. तो महाविद्यालयात गेलाच नव्हता, फ्लोरिडातल्या अकादमीतून आला होता. दोन-तीन वर्षे रोज तीस मिनिटे खेळायला मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न सिमपेक्षा त्याच्या बाबतीत अधिक छळतो.

या मधल्या मुलांसाठी व्यवस्थेने थोड्या पायऱ्या बांधल्या. २०१६ पासून ड्राफ्टसाठी नाव देऊन, चाचणीला जाऊन, संघांचे मत ऐकून, चाचणीनंतर दहा दिवसांपर्यंत नाव मागे घेता येते. २०१७ पासून दोन्हीकडच्या कराराची सोय झाली, म्हणजे खेळाडू मुख्यतः दुय्यम जी लीगमध्ये, अधूनमधून एनबीएत. पण पारडे खऱ्या अर्थाने फिरवले ते २०२१ च्या उन्हाळ्याने. जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संस्थेविरुद्ध एकमताने निकाल दिला, आणि १ जुलैपासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींतून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने तर विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षी एका विद्यापीठासाठी सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. विद्यापीठ बदलले तर एक वर्ष बाहेर बसावे लागे, तेही गेले. दोन्हीकडच्या करारात वर्षाला सहा लाखांवर डॉलर मिळतात. मोठ्या विद्यापीठाचा चांगला खेळाडू आज त्याहून अधिक कमावू शकतो.

परिणाम ताबडतोब दिसला. मुदतीआधी ड्राफ्टसाठी नाव देणाऱ्यांची संख्या २०२१ मध्ये ३५३ होती, २०२५ मध्ये ती १०६ वर आली. (कोविडमुळे मिळालेल्या जादा वर्षाने २०२१ चा आकडा फुगला होता हे खरे, पण घसरण त्याच्या फार पलीकडची आहे.) ज्यांना पन्नास वर्षे 'थांबा, शिका, पिका' म्हणून सांगितले गेले आणि कोणी ऐकले नाही, ती मुले चार वर्षांत थांबायला शिकली. उपदेश तोच राहिला होता. फक्त थांबण्याचे पैसे मिळू लागले. तयारीबद्दलची सारी नैतिक भाषा किती पोकळ होती, याचा याहून स्वच्छ पुरावा मागायचा तरी कुठे?

यात मला आनंद वाटतो, आणि एक काळजीही. आनंद यासाठी की पंचविसाव्या-पन्नासाव्या क्रमांकाच्या मुलाला प्रथमच निवड करण्याजोगे काही हाती लागले. कूकच्या वेळी हे असते तर अठराव्या वर्षी दलालाच्या कागदावर सही करण्याची वेळ त्याच्यावर बहुधा आली नसती. काळजी अशी की जागा वाढलेल्या नाहीत. २०२५ पासून या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठाच्या संघात पंधरा खेळाडू, त्याहून एकही अधिक नाही. तेवीस-चोवीस वर्षांचे गडी, दोन-तीन विद्यापीठे फिरून आलेले, तिथे आता पगारावर आहेत. एनबीएने उपरतीने काढलेला जी लीग इग्नाइट हा शाळकरी मुलांचा संघ २०२४ मध्ये बंद झाला. आणि २०२५ च्या डिसेंबरात टेक्सासमधील बेलर विद्यापीठाने जेम्स नाजी या नायजेरियन खेळाडूला संघात घेतले, जो २०२३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये एकतिसावा निवडला गेलेला होता आणि मध्यंतरी युरोपात व्यावसायिक म्हणून खेळून आला होता. ड्राफ्ट आधी, कॉलेज नंतर. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांनी आरडाओरडा केला, पण परवानगी मिळाली. शाळा सुटलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला एनबीएचा नियम अजूनही सांगतो की एक वर्ष थांब. ते वर्ष त्याने जिथे काढावे अशी अपेक्षा आहे, त्या बाकावर आता नाजी बसलेला असतो.